आम्हाला सोपं करून नको!

'कलेचा इतिहास तुमच्या पोरांना झेपायचा नाही,' असं तोंडावर सांगणारे आता फारसे उरले नाहीत. कायद्याची भीती आहे. आता तेच जरा मऊ आवाजात येतं. 'विषय फार अवघड आहे हो. त्यापेक्षा नोकरी लागेल असं काहीतरी घ्या.' आणि आमचं एखादं हट्टी पोरगं तरीही घेऊन बसलंच, तर खांद्यावर हात ठेवून म्हणतात, 'काळजी करू नका, तुमच्यासाठी थोडं सोपं करून देऊ.'

नको. आम्हाला सोपं करून नको.

मित्रांनो, ही भीक आहे. पूर्वी शिळी भाकरी वरून टाकायचे, आता पासापुरते मार्क टाकतात. ज्यानं घेतले तो जन्मभर मान खाली घालून म्हणणार, मला दिलं. ज्यानं दिले तो जन्मभर म्हणणार, ह्यांना येत नाही. दोघांच्या मधे विषय राहिला बाजूला.

मी हा अभ्यासक्रम केलेला आहे, म्हणून बोलतो. खंडाळ्याहून जाऊन शहरातल्या एका विद्यापीठात दोन वर्षं एम. ए. केलं. आमचं खंडाळा म्हणजे बंगल्यांचं, धबधब्यांचं, लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे. पुणे-बंगळूर रस्त्यानं शिरवळ मागं टाकलं की खंबाटकी घाटाच्या अलीकडं लागतं ते. सातारा जिल्ह्याचं. पहिल्या दिवशी वर्गात गाव सांगितलं तर दोघं-तिघं खुशीत म्हणाले, 'वा! आमचा बंगला आहे तिथं.' म्हटलं, राहू द्या. तुमचं खंडाळा वेगळं, आमचं वेगळं.

वर्गात आम्ही गावकुसाबाहेरून आलेले पाच जण होतो. पहिल्या वर्षाअखेर तीन उरलो. सोडून गेलेले दोघं ढ नव्हते. त्यातल्या एकाचा हात असा होता की फळ्यावर खडूनं स्तूपाचा छेद काढला तर पुस्तकातली आकृती फिकी पडावी. तो का गेला हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आधी हा विषय काय असतो ते सांगतो. आपल्या लोकांत गैरसमज आहे की हे चित्र काढायचं शिक्षण. तसं नाही. इथं चित्र बघायचं असतं. खोलीत अंधार. पडद्यावर एक मूर्ती, एक भिंत, एक खांब येतो. मोजकी मिनिटं. लिहा, हे कुठलं, कधीचं, कशाचं, आणि मुख्य म्हणजे कशावरून म्हणता? मग दोन चित्रं शेजारी शेजारी. मथुरेचा बुद्ध आणि गांधारचा बुद्ध. भाज्याचं चैत्यगृह आणि कार्ल्याचं चैत्यगृह. इटलीतल्या चिमाबूएनं काढलेली मेरी आणि जोत्तोनं काढलेली मेरी. साम्य लिहा, भेद लिहा, आधी कुठलं झालं ते कारणासह लिहा. पाठांतर कामाला येत नाही. डोळा लागतो.

हे अवघड आहे. खरोखर अवघड आहे. आणि मला ठासून सांगायचं आहे की ह्या अवघडपणाशी आपलं काही भांडण नाही.

भाज्याचंच बघा. आतले खांब आतल्या बाजूला कललेले आहेत. दगडाच्या खांबाला कलायची गरज काय? डोंगर काही कोसळत नव्हता. पण लाकडी मांडवात छपराचा भार पेलायला खांब कलते रोवावे लागतात. पुढचा दर्शनी भाग लाकडाचा होता, तो कुजून गेला, दगडातल्या खाचा राहिल्या. कार्ल्याला वरच्या कमानीत अजून सागवानी फासळ्या आहेत, ज्यांचा छताला आधार म्हणून काडीचा उपयोग नाही. म्हणजे दगड फोडणाऱ्यानं लाकूडकामाची नक्कल केली. म्हणजे लेण्याच्या आधी सुतार होता. इसवी सनाच्या आधीचा तो सुतार, त्याचं एकही घर आज उभं नाही. पण दगडाच्या पोटात त्याचं काम आहे. एका कलत्या खांबावरून आपण नाहीशा झालेल्या माणसापर्यंत पोचलो. ज्यांच्या आजा-पणज्याची कुठल्या कागदावर नोंद नाही त्यांच्या पोरांना ही विद्या कशी लागते हे वेगळं सांगायला नको. ज्या दिवशी मला हे उमगलं त्या रात्री मी झोपलो नाही.

हा अवघडपणा आम्हाला पूर्ण हवा. शेराला सव्वाशेर हवा.

पण ह्याच अभ्यासक्रमात दुसरा एक अवघडपणा मिसळलेला असतो, दुधात पाणी मिसळावं तसा. तो विषयाचा नाही, भिंतीचा आहे. आणि परीक्षेत दोन्हीचे मार्क एकाच खात्यात कापले जातात. त्यामुळं पोरगं समजतं, मला विषय आला नाही. खरं तर त्याला भिंत ओलांडता आली नाही.

पहिली भिंत भाषेची. फर्ग्युसन आणि बर्जेसचं लेण्यांवरचं मोठं पुस्तक १८८० सालचं, इंग्रजी. पर्सी ब्राउन इंग्रजी. गॉम्ब्रिख इंग्रजी. विद्या दहेजियांचं सुरुवातीच्या बौद्ध लेण्यांवरचं पुस्तक १९७२ चं, इंग्रजी. लेणी भाज्याची, कार्ल्याची, कऱ्हाडची, कोंडाण्याची, दगड सह्याद्रीचा, आणि त्याच्यावर बोलायचं तर जीभ लंडनची पाहिजे! सोडून गेलेल्या त्या पोरानं खांबाच्या घटाकृती बैठकीवर मराठीत दीड पान लिहिलं होतं. मी वाचलं होतं. इंग्रजीत त्याला चार ओळी जमल्या. मार्क चार ओळींना मिळाले.

इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांचं लेकरू असं म्हणणार नाही. इंग्रजी शिकायचीच, नीट शिकायची. पण इंग्रजीचा पेपर वेगळा घ्या आणि डोळ्याचा वेगळा घ्या. मराठीत शब्द नाहीत ही थाप आहे. खंबाटकी ओलांडली की सुरूरच्या फाट्यावरून वाईला जा. तिथं मराठी विश्वकोशाचं काम झालं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मुख्य संपादक, पहिला खंड १९७६ चा. त्यात यथादर्शन आहे, उत्थित शिल्प आहे, भित्तिलेपचित्रण आहे. शब्द घडवून ठेवलेत, सरकारी पैशानं, आपल्या शेजारच्या तालुक्यात. आता तर ते फोनवरही वाचता येतात. मग परीक्षेच्या हॉलमध्ये ते शब्द चालत का नाहीत?

दुसरी भिंत 'बघितलेलं असण्याची'. पडद्यावर फ्लॉरेन्सचं चित्र आलं की वर्गातली दोन पोरं एकमेकांकडं बघून हसायची. उन्हाळ्यात जाऊन आलेली. आम्ही खजुराहोसुद्धा पुस्तकातच बघितलेलं. अभ्यास-सहलीचे पैसे ऑगस्टमध्ये भरायचे आणि शिष्यवृत्ती फेब्रुवारीत यायची. मग सहलीवरचा प्रकल्प न गेलेल्यानं कसा लिहायचा? इतरांच्या फोटोवरून. आणि वर शेरा, 'प्रत्यक्ष निरीक्षणाचा अभाव'. अरे, अभाव कशाचा आहे ते लिही की!

तिसरी भिंत सगळ्यात जाड. ती अभ्यासक्रमाच्या पोटातच आहे. कुणाचा इतिहास?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी म्हण आहे आपल्याकडं. घाव दगडानं सोसले, देवपण देवाला मिळालं. टाकी कुणाच्या हातात होती? त्याच्यावर म्हण नाही. अभ्यासक्रमात प्रकरण नाही. मौर्य, सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव, सगळ्या प्रकरणांना राजांची नावं. कैलास लेणं कुणी केलं? राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला यानं, असं लिहिलं की मार्क. जणू राजा सकाळी उठून पहार घेऊन डोंगरावर जात होता.

आमच्या वर्गात एक वडाराची पोरगी होती. तिचा बाप खाणीवर. एकदा पडद्यावर वेरूळची अर्धवट राहिलेली एक भिंत आली. सर शैलीबद्दल बोलत होते. ही मागून म्हणाली, 'सर, ह्ये लांब ओरखडे पहारीचे हायेत, आन् ह्ये बारीक टाकीचे. वरून खाली काम आलंय. ज्यानं केलं त्यो डावखुरा असंल.' वर्ग हसला. सर म्हणाले, 'इंटरेस्टिंग.' आणि पुढची स्लाइड लावली. कैलास वरून खाली कोरत आणला हे पुस्तकात छापलेलंच आहे, त्याला मार्क आहेत. पण दगडावरचा घाव वाचणारी, तीन पिढ्या घण-सुतकी चालवलेल्या घरातली पोरगी समोर बसली आहे, तिच्याकडं असलेल्या ज्ञानाला मार्क द्यायची सोय नाही. युरोपात शिल्पावरच्या हत्यारांच्या खुणांवर रीतसर अभ्यास होतात. इथं तिला 'इंटरेस्टिंग' मिळालं.

कुणी म्हणेल, कारागिरांची नावं राहिली नाहीत, त्याला विद्यापीठ काय करणार? राहिली आहेत. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर कोरलंय की हा कण्हदास नावाच्या सोनारानं केला. कोंडाण्याला कण्हाचा शिष्य बलक याचं नाव आहे. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, बापाच्या नावासकट. सांचीच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. कर्नाटकात होयसळांच्या देवळांवर शिल्पकारांच्या सह्या आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर सोनाराला आणि सुताराला जागा होती. आजच्या प्रश्नपत्रिकेत नाही!

आणि हे पुढंही चालू राहिलं. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. १८७२ पासून १८८५ पर्यंत तिथले हिंदी विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्याला जाऊन, गुहांच्या अंधारात भित्तिचित्रांच्या नकला करत होते. ह्याहून कष्टाचा कला-अभ्यासक्रम महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. त्यातल्या कितीतरी नकला लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. १८९६ मध्ये भलंमोठं पुस्तक निघालं. नाव ग्रिफिथ्सचं. पेस्तनजी बमनजींचं नाव निदान जाणकारांना ठाऊक आहे. बाकीच्या पोरांची नावं किती जण घेतात?

हा रोग जुन्या दगडापुरता असता तर गोष्ट वेगळी. जून २०२५ मध्ये इटलीत मिलानला प्राडा कंपनीनं आपल्या फॅशन शोत पोरांच्या पायात कोल्हापुरी घातल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडं आरडाओरडा झाल्यावर प्रेरणा भारतीय चपलेची आहे हे कबूल केलं. ह्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि त्यातल्या आठ जिल्ह्यांत आपला साताराही आहे, सांगलीही आहे. पेपरवाल्यांनी 'महाराष्ट्राचा अपमान' म्हणून मथळे दिले. बरोबर आहे. पण महाराष्ट्रानं स्वतःच्या कलेच्या इतिहासात चांभाराच्या रापीला कुठलं पान दिलं होतं? ते काम 'हस्तव्यवसाय' म्हणून बाजूला ठेवायचं. कातडं कमावणं विटाळ, चपल घालणं शान, आणि कलेचा मान इटलीला!

आता मराठेशाहीचं प्रकरण. पेशवाईतल्या वाड्यांवरची भित्तिचित्रं हा एक मुद्दा असतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसाचा वाडा आहे, भिंतीवर चित्रं आहेत. बघायला जरूर जा. रंग बघा, रेषा बघा. पण त्याच राजवटीत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये लिहून ठेवलंय. वाड्याच्या भिंतीवर तो मडकंवाला नाही. त्याला चित्रात यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. नागपूरच्या सवी सावरकरांनी तो आपल्या चित्रांत आणि छापचित्रांत आणला. ह्या दोन गोष्टी एका पेपरात शेजारी शेजारी ठेवा, जशा मथुरा आणि गांधार ठेवता. लिहा म्हणावं साम्य आणि भेद! बघा कुणाला अवघड जातं.

जगात हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत लिंडा नॉकलिन या बाईनं निबंध लिहिला. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, हा त्याचा विषय. तिनं काय केलं? विस्मरणात गेलेल्या चार बायकांची नावं काढून 'ह्या बघा' असं म्हणून ती थांबली नाही. तिनं विचारलं, शिकायला कुणाला मिळत होतं? नग्न देहावरून अभ्यास करायला कुणाला आत घेत होते? दोष अंगच्या गुणात नाही, शाळेच्या दारात आहे. आपल्याकडं जेएनयूत वाय. एस. अलोने यांनी बौद्ध लेण्यांवर आणि दलित दृश्यकलेवर काम केलं. सवर्ण विद्वानांनी जपून ठेवलेलं अज्ञान, अशी कल्पना त्यांनी मांडली. म्हणजे माहीत नसणं हा अपघात नाही. ते सांभाळलं जातं. माझ्या दोन वर्षांत दलित कलाकारावर एकही तास झाला नाही. ते अज्ञान चांगलं सांभाळलेलं होतं.

इथवर वाचून काही मित्र म्हणतील, मग टाका ना ह्या अभ्यासक्रमावर बहिष्कार. आपला इतिहास आपण लिहू.

लिहू. पण कशानं लिहू?

हे आपल्याच माणसांना सांगायचंय, म्हणून जरा स्पष्ट सांगतो. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर आपली तरुण पोरं लेण्यांवर जातात. रविवारी झाडू-खराटा घेऊन साफसफाई करतात. धम्मलिपीचे वर्ग घेतात. आयटीआय झालेलं, कंपनीत तीन पाळ्यांत काम करणारं पोरगं ब्राह्मी अक्षरं वाचतं आणि दुसऱ्याला शिकवतं. ही ह्या काळातली मोठी गोष्ट आहे आणि विद्यापीठांनी लाज वाटून घ्यावी अशी आहे. पण त्याच वेळी आपल्यातलेच काही जण फोनवर वाटेल ते फिरवतात. दिसला दगड की म्हण बुद्धाचा. हे देऊळ आमचं, तो खांब आमचा. पुरावा विचारला की शिवी. मित्रांनो, ही तर त्यांचीच पद्धत झाली! त्यांनी प्रत्येक लेणं पांडवांच्या नावावर चढवलं, नाशिकला तर नावच पांडवलेणी. आपण पुराव्याशिवाय उलटं चढवलं तर फरक काय राहिला?

शेजारचंच उदाहरण घ्या. वाईजवळ पालपेश्वरची लेणी आहेत. चैत्यगृहातल्या स्तूपाला पिंड करून पूजा चालते. हा स्तूप आहे हे ओरडून सिद्ध होत नाही. कशानं होतं? स्तूपाला खाली गोल मेधी असते, वर अंड, त्याच्यावर चौकोनी हर्मिका, मग छत्र. गोलाई मोजा. मेधीची उंची आणि अंडाचा व्यास ह्यांचं प्रमाण काढा. वर हर्मिका तोडल्याची खूण आहे का बघा. खोलीचा आराखडा काढा, शेजारी विहार आहेत का, भिक्षूंची दगडी झोपायची बाकं आहेत का बघा. मग शिरवळच्या चैत्याशी ताडा, कऱ्हाडच्या आगाशिव डोंगरातल्या लेण्यांशी ताडा. मग बोला. असं बोललेलं कोर्टात टिकतं, परिषदेत टिकतं, शंभर वर्षं टिकतं. ही मोजमापाची, ताडून बघण्याची विद्या कुठं शिकवतात? त्याच अवघड अभ्यासक्रमात. म्हणून तो सोडून यायचा नाही. आत घुसून पुरता घ्यायचा.

अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरच्या पेपरात एमरी डग्लस चित्रं काढायचा. भिंतीभिंतीवर लागायची. पण तो आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकला होता. मांडणी, छपाई, रंग सगळं शिकून मग त्यानं ते हत्यार चळवळीला दिलं. नुसत्या रागानं पोस्टर होत नाही.

कला बघायला जाणं हीसुद्धा आपल्यासाठी कधी साधी गोष्ट नव्हती. १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांना घेऊन वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासाच्या धुळीनं भरलेले हातपाय तिथल्या टाक्याच्या पाण्यानं धुतले. लोक धावून आले. अस्पृश्यांनी पाणी बाटवलं! किल्ला बघायला मिळाला तो बरोबर हत्यारी शिपाई देऊन, पुन्हा पाण्याला शिवू नये म्हणून. कोलंबियाचा आणि लंडनचा डॉक्टर, बॅरिस्टर माणूस. आपल्या कला-इतिहासाची पहिली अभ्यास-सहल अशी झालेली आहे. ज्याला आज सहलीचा फॉर्म भरताना लाज वाटते त्यानं हे आठवावं.

तर मागण्या काय?

एक. परीक्षा पाहिजे तेवढी कठीण घ्या, पण मराठीत उत्तर लिहायचा हक्क द्या, आणि विश्वकोशातल्या संज्ञांना मान्यता द्या. इंग्रजी वाचायला शिकवायचा तास वेगळा, पहिल्या वर्षापासून, बिनपैशाचा.

दोन. ब्राह्मी लिपी आणि शिलालेख वाचन सक्तीचं करा. सगळ्यांना. बंगलेवाल्यांनाही. बघू कुणाला झेपतं.

तीन. करणाऱ्यांचा पेपर लावा. दगड, लाकूड, धातू, कातडं, दोर, रंग. हत्यारं कोणती, काम कसं होतं, कुणी केलं, मजुरी कुणी दिली. आणि तो शिकवायला खाणीवरचा वडार, कोल्हापुरी शिवणारा चांभार, ओतकाम करणारा तांबट मानधन देऊन बोलवा. प्रात्यक्षिक म्हणून नाचवायला नाही. शिक्षक म्हणून.

चार. सहलीचे पैसे आधी द्या, नाहीतर जवळचं बघा. आधुनिक पाश्चात्त्य शिल्प शिकवायला युरोपच कशाला पाहिजे? आपल्या जिल्ह्यात औंधच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं संग्रहालय आहे. तिथं हेन्री मूरचं माता आणि मूल आहे. यष्टीनं जाता येतं.

पाच. साध्याला जागा द्या. आमच्या शिरवळला पंधराएक बौद्ध लेणी आहेत. एक चैत्य, बाकी विहार. नक्षी नाही, मूर्ती नाही, चित्र नाही. म्हणून पुस्तकात ओळ-दोन ओळी आणि अभ्यासक्रमात शून्य. हायवेवरून रोज हजारो गाड्या जातात, कुणी मान वळवत नाही. पण साधं का ठेवलं, हा प्रश्न विचारून बघा. काळ आधीचा म्हणून? पैसा कमी म्हणून? की पावसाळ्यात डोक्यावर छत आणि बसायला ओटा ह्यापलीकडं भिक्षूला काही नको होतं म्हणून? ह्यातलं उत्तर शोधणं अजिंठ्यावर वर्णन लिहिण्यापेक्षा जास्त अवघड आहे. असला अवघड प्रश्न आम्हाला द्या.

आणि आपल्या पोरापोरींना एक सांगायचंय. आपल्या खंडाळा तालुक्यात नायगाव आहे. तिथं ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई जन्मल्या. दरवर्षी तीन जानेवारीला तिथं गाड्यांची रांग लागते, हार पडतात, मंत्री येतात. पण सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतून काय निघालं ते विसरू नका. मांगाची पोर मुक्ता साळवे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. ज्या शाळेनं तिला वाचायला शिकवलं, तिथं शिकून तिनं धर्मालाच जाब विचारला. तिच्यासाठी प्रश्न सोपा करून दिला असता तर हे झालं असतं? शिकणं ते असं.

सोडून गेलेला आमचा तो मित्र हल्ली शिरवळच्या एमआयडीसीत कामाला आहे. चित्र काढणं थांबलेलं नाही. मी आणि ती वडाराची पोरगी आता शिरवळच्या लेण्यांचं मोजमाप घेतोय, आराखडे तो काढतो. मराठीत लिहितोय. झालं की विद्यापीठाकडं पाठवू, आणि विचारू, ह्याला किती मार्क देता?

ज्याला यायचं त्यानं यावं. येताना मोजपट्टी आणा, वही-पेन्सिल आणा, प्यायचं पाणी आणा. गुलाल-हार आणू नका. काम अवघड आहे.

जय भीम!